सातपुड्याचा ताप : जागल्या, परजीवी आणि खानदेशचा इतिहास

१/
६ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला सोडला. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉप यांच्या फौजेने तापीकाठचा थाळनेरचा किल्ला घेतला. कागदोपत्री खानदेश कंपनीचा झाला. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत मात्र पुढील सात वर्षे तिचा अंमल नीट बसला नाही. या अपयशाची कारणे सांगताना भिल्लांचा प्रतिकार आणि वाटांची दुर्गमता यांच्या जोडीने आणखी एक शब्द येतो : ताप.

२/
इतिहासाच्या पुस्तकांत हा ताप बहुधा एका वाक्यात आटोपतो. ‘हवामान रोगट होते’ असे म्हणून लेखक पुढच्या लढाईकडे वळतो. परंतु डोंगरात कोण टिकणार आणि कोण परतणार हे ठरवण्यात या तापाचाही वाटा होता. तो शरीरात नेमके काय करत असे, शरीर त्याला कसे अडवत असे आणि तरीही तो कसा निसटत असे, हे समजल्याशिवाय सातपुड्याचा इतिहास अर्धाच राहतो. त्या झुंजीची खूण आजही तेथील माणसांच्या रक्तात आहे. हा धागा त्या खुणेपर्यंत जाणारा आहे.

३/
प्रथम भूगोल. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून वाहणारी तापी, असा हा प्रदेश. १९०६ मध्ये त्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी येतात. त्यांच्या वर भिल्ल, पावरा, तडवी यांच्या वस्त्या आणि अक्राणीचा डोंगराळ मुलूख.

४/
पावसाळा सरला की या पायथ्याला तापाचे दिवस येत. हुडहुडी भरायची, अंगाची लाही व्हायची, मग घामाने अंग भिजून ताप उतरायचा आणि एक दिवस सोडून पुन्हा तेच. लोक म्हणत, ‘डोंगराचे पाणी लागले’. आयुर्वेदाने पाळीने येणाऱ्या अशा तापांना विषमज्वर म्हटले आणि त्यांत तृतीयक, चतुर्थक असे भेद केले. युरोपातही समजूत फार वेगळी नव्हती : ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ ‘वाईट हवा’. रोग जागेला चिकटलेला आहे, ही जाणीव सर्वत्र होती. तो नेमका कशात आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

५/
लोकांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. पाण्याशी संबंध होताच. सातपुड्यातून उतरणारे ओढे पावसाळ्यानंतर संथ होतात आणि त्यांच्या काठच्या स्वच्छ, हळू वाहणाऱ्या पाण्यात अनॉफिलीस जातीचे डास वाढतात. डोंगरपायथ्याचा अनॉफिलीस फ्लुव्हिएटिलिस आणि मैदानी खेड्यांचा अनॉफिलीस क्युलिसिफेसिस हे भारतातील हिवतापाचे दोन प्रमुख वाहक. पाणी पिऊन ताप येत नसे; त्या पाण्याजवळ रात्र काढल्याने येत असे.

६/
आता १८१८ च्या धुळ्याकडे वळू. खानदेशचे पहिले पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे ठाणे निवडले. भिल्लांबाबत त्यांचे धोरण दुहेरी होते : डोंगराच्या वाटा अडवायच्या, रसद तोडायची, आणि जे खाली येतील त्यांना वर्षासने व जुने हक्क द्यायचे. काही नाईक वश झाले, काही पुन्हा डोंगरात गेले. फौजा पाठवाव्यात, त्या आजाराने व श्रमाने जेरीस याव्यात, परत बोलवाव्यात, असे चक्र चालू राहिले.

७/
१८२५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या धोरणानुसार भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरले. लेफ्टनंट जेम्स आउट्रम तेव्हा अवघ्या २२ वर्षांचे होते. त्यांनी आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे खानदेश भिल्ल कोअर उभी केली. या योजनेमागे राजकीय हिशेब प्रमुख होता : ज्यांच्याशी लढायचे त्यांनाच पगारी शिपाई करायचे. पण त्याबरोबर एक व्यावहारिक विचारही होता. डोंगरातल्या वाटा आणि डोंगराची हवा या दोन्ही गोष्टी ज्यांना सवयीच्या आहेत, अशीच माणसे तेथे टिकणार होती.

८/
येथूनच एक समज रूढ झाला : भिल्लांना ही हवा बाधत नाही. त्यांचे शरीर जात्याच काटक, म्हणून ताप त्यांच्या वाटेला जात नाही. हे अर्धसत्य होते, आणि अर्धसत्य पुष्कळदा असत्याहून अधिक काळ टिकते. पलटणीत भरती झालेला प्रौढ भिल्ल साहेबाला दिसत होता. त्याची बालपणीच तापाने गेलेली भावंडे कोणत्याही हजेरीपटावर नव्हती. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

९/
तापाचे कारण सापडायला अजून अर्धशतक जायचे होते. १८८० मध्ये अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेराँ यांना रुग्णाच्या रक्तात एक सजीव परजीवी दिसला. भारतात या शोधाला पहिला दुजोरा १८८७ च्या सुमारास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी दिला. ‘ग्रेज अ‍ॅनॅटमी’ या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे कार्टर ते हेच. आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात त्या परजीवीची वाढ पाहिली. वाईट हवेची कल्पना तेथे संपली.

१०/
याच काळात शरीराच्या बाजूचाही शोध लागत होता. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकोव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा रोवला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला दिसला. परकी वस्तू गिळून टाकणाऱ्या या पेशी म्हणजे भक्षकपेशी. या कामासाठी त्यांना १९०८ चे नोबेल विभागून मिळाले. जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेणारे वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथील त्यांचेच विद्यार्थी.

११/
मेचनिकोव्ह यांनी पाहिले ते शरीराचे पहिले संरक्षण. त्याला उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात. खानदेशी गावाच्या व्यवस्थेत तिच्यासाठी चपखल उपमा आहे : जागल्या. गावाची राखण करणारा हा वतनदार खानदेशात बहुधा भिल्ल असे. त्याला प्रत्येक चोराचे नाव ठाऊक नसे; पण परका पाऊलठसा, अवेळी भुंकणारे कुत्रे, मोडलेले कुंपण तो ताबडतोब ओळखत असे. उपजत प्रतिकारशक्तीही अशीच आहे. ती नेमका शत्रू ओळखत नाही, परकेपणाच्या ढोबळ खुणा ओळखते, आणि काही तासांतच कामाला लागते.

१२/
दुसरी फळी सावकाश येते. तिला कमावलेली प्रतिकारशक्ती म्हणतात. ती विशिष्ट शत्रूचा चेहरा लक्षात ठेवते आणि त्याच्यासाठी खास प्रतिपिंडे घडवते. देवी एकदा येऊन गेल्या की सहसा पुन्हा येत नसत, ते या स्मरणामुळे. पण ही फळी तयार व्हायला दिवस लागतात. तोवर गाव जागल्याच्या भरवशावर असते. जो परजीवी जागल्याला चकवू शकतो, त्याला गावात शिरायला आणि वाढायला अवधी मिळतो. हिवतापाचा परजीवी या कलेत निष्णात आहे.

१३/
डास चावतो तेव्हा तो थोडेच परजीवी त्वचेत सोडतो. ते रक्तात उतरून यकृताकडे जातात. यकृताच्या रक्तवाहिन्यांत भक्षकपेशींचा पहारा असतो. रक्तातील घाण गिळणे हे त्यांचे काम. परजीवीची चलाखी अशी, की तो पुष्कळदा याच पहारेकऱ्यांना निष्प्रभ करून, त्यांच्यातूनच वाट काढत यकृताच्या पेशीत पोहोचतो. तेथे सुमारे आठवडाभर तो वाढतो. एकाचे हजारो होतात. या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. बाहेर पडतानाही हे परजीवी यजमानाच्याच पेशीच्या आवरणाची पिशवी पांघरून निघतात. गावच्याच घोंगडीत गुंडाळलेला चोर जागल्या कसा ओळखणार?

१४/
यकृतातून निघालेले परजीवी रक्तातील तांबड्या पेशींत शिरतात. लपायला यापेक्षा चांगली जागा नाही. शरीरातील बहुतेक पेशी आपल्या आत काय चालले आहे याचे नमुने पृष्ठभागावर मांडतात. आत शत्रू असेल तर त्यावरून कळते. तांबड्या पेशीला केंद्रकच नसते आणि ती असे नमुने मांडत नाही. परजीवी आत बसून हिमोग्लोबिन खातो. फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स या दोन प्रमुख जातींत सुमारे ४८ तासांनी पेशी फुटते आणि नवे परजीवी पुढच्या पेशी शोधतात.

१५/
पेशी फुटतात त्या क्षणी मात्र परजीवी उघडा पडतो. त्याचा कचरा रक्तात सांडतो, भक्षकपेशी तो ओळखतात आणि धोक्याचा इशारा देणारी रसायने सोडतात. मेंदू शरीराचे तापमान वाढवतो. हुडहुडी आणि ताप म्हणजे जागल्याने दिलेली हाळी. एका दिवसाआड येणाऱ्या तापाचे, म्हणजे आयुर्वेदातील तृतीयक ज्वराचे, कोडे येथे सुटते : परजीवीच्या पिढ्या एका तालावर फुटतात, म्हणून ताप पाळीने येतो.

१६/
या झुंजीत शरीराचे सर्वांत मोठे ठाणे म्हणजे प्लीहा. डाव्या बरगड्यांखालचा हा अवयव रक्ताची चाळण आहे. त्याच्या सूक्ष्म फटींतून तांबड्या पेशींना दुमडून निघावे लागते. निरोगी पेशी लवचीक असते, ती निसटते. परजीवी शिरलेली पेशी ताठर होते, अडकते, आणि तेथे दबा धरून बसलेल्या भक्षकपेशी तिला गिळतात. हिवताप वारंवार येत राहिला की हे काम वाढते आणि प्लीहाही वाढते. पोटात डावीकडे हाताला लागणाऱ्या या गोळ्याला मराठीत पानथरी म्हणतात. तापाच्या मुलखात मुलाला पानथरी असणे ही नवलाची गोष्ट नव्हती.

१७/
पानथरीने वैद्यकाला एक मोजमापही दिले. १८४० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानातील कालव्यांकाठच्या रोगराईची चौकशी करताना सर्जन टी. ई. डेम्पस्टर यांनी गावोगाव लोकांची पोटे तपासली आणि किती जणांची प्लीहा वाढलेली आहे याची नोंद घेतली. परजीवी सापडण्यापूर्वी तीस-पस्तीस वर्षे, केवळ बोटांनी चाचपून हिवतापाचा नकाशा काढता येतो हे त्यांनी दाखवले. ही ‘प्लीहा-टक्केवारी’ पुढे शतकभर जगभर वापरली गेली. रोगाचे मोजमाप शरीराच्या प्रतिकारावरून घेतले जात होते.

१८/
त्याच पानथरीचा वसाहतीच्या न्यायालयात निराळाच उपयोग झाला. वाढलेली प्लीहा नाजूक असते, आघाताने फुटते. १८७६ मध्ये गाजलेल्या आग्र्याच्या खटल्यात फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारले आणि तो मेला. शवतपासणीत प्लीहा फुटल्याचे दिसले. शिक्षा झाली ती ३० रुपये दंडाची. व्हाइसरॉय लिटन यांनी या निकालावर जाहीर नापसंती नोंदवली. तरी ‘प्लीहा आधीच रोगट होती’ हा बचाव अशा खटल्यांत ऐकू येत राहिला. तापाने केलेली जखम मारणाऱ्याची ढाल झाली.

१९/
आता पुन्हा परजीवीकडे. प्लीहेची चाळण इतकी चोख असेल तर फाल्सिपेरम टिकतो कसा? उत्तर सोपे आहे : तो चाळणीपर्यंत जातच नाही. ४८ तासांच्या चक्राच्या उत्तरार्धात तो आपल्या तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर गाठी उभ्या करतो आणि त्यांवर एक चिकट प्रथिन मांडतो. त्याच्या साहाय्याने ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते. जुनी, ताठर, सहज पकडली जाईल अशी पेशी प्लीहेत पोहोचण्याआधीच दडून राहते. हीच लपण्याची जागा मेंदूच्या वाहिन्यांत असेल तर रुग्ण बेशुद्ध होतो, दगावतो.

२०/
चिकट प्रथिन पृष्ठभागावर असल्याने ते दुसऱ्या फळीच्या नजरेस पडते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनतात. परजीवीकडे यावरही तोड आहे. या प्रथिनासाठी त्याच्याजवळ सुमारे साठ जनुके असतात आणि एका वेळी तो एकच वापरतो. शरीराने एक रूप ओळखले की काही परजीवी दुसरे धारण केलेले असतात. शिवाय हिमोग्लोबिन खाऊन उरलेला काळा रंगकण भक्षकपेशी गिळतात, पण तो त्यांना पचत नाही आणि त्यांची धार बोथट करतो. जागल्याला चकवायचे, आणि जमल्यास सुस्तही करायचे.

२१/
म्हणूनच हिवतापाविरुद्धचे संरक्षण देवीसारखे एका आजारात मिळत नाही. वर्षानुवर्षे, अनेक रूपांशी गाठ पडल्यावर ते अर्धेमुर्धे मिळते. माणूस परजीवीमुक्त होत नाही, पण सहसा मरत नाही. ही शिकवणी बालपणात होते आणि तिची फी मुलांच्या मृत्यूंनी भरली जाते. धरणगावच्या पलटणीतील काटक भिल्ल शिपाई हा या शिकवणीतून वाचलेला होता. मैदानातून किंवा इंग्लंडातून आलेला शिपाई वयाने प्रौढ असला, तरी या तापापुढे तो पाळण्यातल्या मुलाइतकाच नवखा असे. ‘हवा मानवणे’ या शब्दांमागचे वास्तव इतके कठोर होते.

२२/
याचा परिणाम सत्तेवरही झाला. खानदेशच्या पश्चिमेला लागून असलेल्या डांगची सागवानी जंगले इंग्रजांनी १८४२ मध्ये पट्ट्याने घेतली. लाकूड काढण्याचा हंगाम मात्र कोरड्या महिन्यांचाच राहिला. मैदानातील भिल्लांच्या जमिनी सावकारी आणि कज्ज्यांतून जात राहिल्या. त्या प्रश्नावरच १९७० च्या दशकाच्या आरंभी शहाद्यात श्रमिक चळवळ उभी राहिली. डोंगरमाथ्याच्या वस्त्यांत मात्र बाहेरचा शेतकरी फारसा स्थिरावला नव्हता. त्याला कारणे अनेक आहेत, आणि ताप त्यांपैकी एक. तापाने इतिहास घडवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कोणाला कोठवर जाता येईल, याच्या सीमा आखण्यात त्याचा हात होता.

२३/
ही झुंज केवळ एका आयुष्यात संपत नाही. ज्या प्रदेशात हजारो वर्षे मुले हिवतापाने मरत राहतात, तेथे रक्तातील एखादा लहानसा बदलही, त्याने मूल वाचत असेल, तर पिढ्यान् पिढ्या वाढत जातो. १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी ही कल्पना मांडली : काही रक्तविकार हिवतापाच्या मुलखात टिकून आहेत, कारण त्यांचे वाहक त्या तापातून वाचतात. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत याचा पुरावा दिला.

२४/
सिकलसेल म्हणजे हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराचा बदल. त्याची एकच प्रत असलेला माणूस वाहक असतो आणि सहसा निरोगी राहतो. त्याच्या तांबड्या पेशीत परजीवी शिरला की ती पेशी लवकर बिघडते आणि भक्षकपेशी तिला अधिक तत्परतेने गिळतात. त्यातच तिच्यावरचे चिकट प्रथिन नीट मांडले जात नाही. तिला भिंतीला घट्ट चिकटून राहता येत नाही. परजीवीची लपण्याची युक्तीच ढिली पडते. आफ्रिकेतील अभ्यासांत वाहकांना फाल्सिपेरमच्या गंभीर आजारापासून सुमारे ९० टक्के संरक्षण आढळले आहे. म्हणजे येथे रक्तच जागल्याला चोर दाखवून देते.

२५/
पण या संरक्षणाची किंमत पुढची पिढी चुकवते. दोघे वाहक आईबाप झाले तर प्रत्येक मुलाला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक असते. अशा मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, वाहिन्या तुंबवतात. असह्य वेदना, पंडुरोग, वारंवार होणारे संसर्ग असे हे दुखणे आहे. रक्तपुरवठा तुंबून प्लीहा खराब होत जाते, आणि तिच्याबरोबर शरीराचा एक मोठा पहारा उठतो. वाहकाला ज्या तापातून अभय मिळते, तोच ताप दोन प्रती असलेल्या मुलाला विशेष घातक ठरू शकतो. निसर्गाच्या हिशेबात दयामाया नसते. बेरीज जमली की पुरे.

२६/
भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत लेहमन व कटबुश यांनी केली. त्याच दशकात मुंबईच्या पी. के. सुकुमारन, एल. डी. संघवी प्रभृती संशोधकांनी पश्चिम भारतातील आदिवासींची तपासणी केली. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी यावर अनेक दशके काम केले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाहणीत भिल्ल, पावरा, माडिया अशा काही समाजांत हे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांच्या घरात आढळले. सातपुड्याच्या जुन्या तापाचा दप्तरात न सापडणारा दाखला येथे रक्तात सापडतो.

२७/
हा बदल येथे आला कोठून? १९८६ मध्ये जनुकाच्या आसपासच्या खुणा तपासून संशोधकांनी असे मांडले की भारतीय-अरबी प्रकार आफ्रिकेहून स्वतंत्रपणे उपजला. अलीकडे सर्वांचा उगम एकच असल्याचाही युक्तिवाद झाला आहे. वाद संपलेला नाही. भारतीय प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात टिकून राहते, त्यामुळे आजाराची तीव्रता पुष्कळदा कमी असते, आणि प्लीहाही अधिक काळ तग धरते. तरीही सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

२८/
तापाचे पुढे काय झाले? स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे ८ लाख दगावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आला, डीडीटीची फवारणी झाली आणि १९६० च्या दशकाच्या मध्याला रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. मग डास डीडीटीला व परजीवी औषधांना सरावले, यंत्रणा सैलावली, आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. आज तो पुन्हा पुष्कळ खाली आहे. मैदानांतून ताप ओसरला; जंगलपट्ट्यांतून सर्वांत शेवटी.

२९/
ताप ओसरला तरी त्याने मागे ठेवलेले जनुक ओसरत नाही. वाहकाला त्याचा जो लाभ होता तो घटतो, आजार मात्र तसाच राहतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ हे तिचे लक्ष्यवर्ष. रक्ताची तपासणी, हायड्रॉक्सियुरियासारखे औषध, लग्नापूर्वीचा सल्ला ही तिची साधने. या कामात सर्वांत मोठा धोका जुन्या अर्धसत्याच्या नव्या अवताराचा आहे : पूर्वी ‘यांना ताप लागत नाही’, आता ‘यांचे रक्तच दूषित’.

३०/
दोन्ही वाक्ये एकाच गोष्टीकडे डोळेझाक करतात. सिकलसेल हा कोणत्याही जमातीचा दोष नाही. परजीवीने जागल्याला चकवण्याची युक्ती काढली, तिच्यावर मानवी शरीराने शोधलेला हा महागडा उतारा आहे. तो आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य सागराच्या काठी आणि सातपुड्यात, जेथे जेथे हिवताप ठाण मांडून बसला तेथे तेथे सापडतो. धडगावच्या आरोग्य केंद्रात एखाद्या मुलीच्या बोटातून तपासणीसाठी काढलेला रक्ताचा थेंब म्हणूनच दस्तऐवजही आहे. १८१८ च्या दप्तरांत ज्यांची नावे नाहीत, त्या मुलांची नोंद त्यात आहे. तो वाचणे हे इतिहासकाराचे काम. त्या मुलीला वेळेवर उपचार मिळणे हे आपणा सर्वांचे.